छत उघडलं की आवाज जातो: जुन्या कन्व्हर्टिबलच्या साउंड सिस्टीमची दुखणी

जुन्या कन्व्हर्टिबलचे मालक बहुतेक एकाच प्रश्नाने सुरुवात करतात. "छत बंद असताना बरं वाजतं, उघडलं की काही ऐकूच येत नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाकू का?" अशा बऱ्याच गाड्यांची दारं मी उघडून पाहिली आहेत, आणि अ‍ॅम्प्लिफायर हे उत्तर फार थोड्या वेळा निघालं. आत सापडतं ते पाणी, नाहीतर गंजलेलं अर्थिंग. कापडी छताची गाडी वीस-तीस वर्षं पाऊस, दव आणि धुणं सोसत आलेली असते. तिच्या दारात, डिकीत, मागच्या सीटच्या कडेला ओल मुरलेली असते आणि स्पीकरच्या वायरी नेमक्या तिथूनच गेलेल्या असतात. अशा वायरिंगवर नवा अ‍ॅम्प चढवला तर खरखर फक्त मोठी होते.

म्हणून खालचा क्रम. पैसे न लागणाऱ्या तपासण्या आधी, दार उघडायला लावणाऱ्या नंतर, खर्चाच्या अगदी शेवटी.

लक्षणं

आपल्या गाडीचं लक्षण आधी नक्की करा. नुसतं "आवाज खराब आहे" एवढ्यावर शोध लागत नाही.

- छत बंद असताना बेस भरपूर, उघडल्यावर फक्त चिरका आवाज.
- एका दाराचा स्पीकर गप्प. दार आपटलं की क्षणभर वाजतो.
- आवाज वाढवला की फडफड, खरवडल्यासारखा आवाज.
- इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी बारीक शिट्टी.
- स्टार्टर मारताना डेक (डॅशबोर्डमधला रेडिओ-प्लेअर) बंद पडतो, घड्याळ आणि स्टेशनं विसरतो.
- फोनवरची गाणी स्वच्छ, रेडिओ मात्र खरखरतो.
- गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर दोन-तीन दिवस बिघाड, मग आपोआप बरं.
- दहा-पंधरा मिनिटं वाजून सगळंच बंद, थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

यातलं पावसानंतरचं लक्षण कोणी मनावर घेत नाही, कारण ते आपोआप बरं होतं. मी मात्र पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. ते असेल तर बाकीची अर्धी लक्षणं त्याच ओलीची असतात.

हात लावण्याआधी

जुन्या अनेक रेडिओंना सुरक्षा कोड असतो. बॅटरीची वायर काढली की रेडिओ कोड मागतो आणि तो नसेल तर चांगला चालणारा डेक निरुपयोगी होऊन बसतो. कोड गाडीच्या पुस्तिकेत किंवा सोबतच्या कार्डावर आहे का, ते आधी बघा. नसेल तर मिळेपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

सामान फारसं लागत नाही. साधा मल्टिमीटर, १.५ व्होल्टचा एक सेल, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक पॉलिश पेपर आणि दाराचं पॅड उचकटायला प्लास्टिकची पट्टी. स्क्रू ड्रायव्हरने पॅड उचकटलंत तर जुन्या क्लिपा तुटतात आणि ते पॅड पुढे कायम खडखडत राहतं.

पहिली तपासणी: कान

छत बंद, इंजिन बंद, काचा वर. गाणं लावू नका. कोणी तरी बोलत असलेलं काहीतरी लावा, बातम्या चालतील. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एकेक स्पीकर एकटा ऐका आणि कोणता कसा वाजतो ते कागदावर लिहा. पुढचं सगळं काम या कागदावर चालतं.

नॉब फिरवताना कर्रकर्र आवाज येत असेल तर आतल्या पट्टीवर मळ बसलाय. डेक बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. "एक बाजू गेली" ही तक्रार एवढ्यावर मिटलेली मी पाहिली आहे.

आता बॅलन्स मधोमध आणा. बोलणाऱ्याचा आवाज समोर मध्यभागी यायला हवा. तो कुठून येतोय ते कळत नसेल, पसरल्यासारखा वाटत असेल, आणि बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बेस *वाढत* असेल, तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या आहेत. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कधीतरी स्पीकर बदललेले असतात, त्यामुळे हा दोष वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो. छत बंद असताना चालून जातं, उघडल्यावर उरलासुरला बेसही जातो. दुरुस्ती म्हणजे दोन वायरींची अदलाबदल.

बेस जाण्याचा काही भाग मात्र दोष नसतो. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या बंद जागेपेक्षा कितीतरी मोठी. बंद केबिनमध्ये असे स्वर हवेवर दाब निर्माण करतात आणि बेस फुकटात वाढतो. छत उघडलं की तो दाब टिकत नाही. त्यात वाऱ्याचा घोंगाट भर घालतो. तो मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो आणि गाण्यातले तेच स्वर झाकून टाकतो. लोक यावर बेसचा नॉब शेवटपर्यंत नेतात. पण १२ डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्पकडून १६ पट वॅट मागायचे. तो देऊ शकत नाही, मग आवाज फाटतो आणि छोट्या स्पीकरची कॉइल तापते. छत उघडं असताना बेस उलट थोडा कमी करा आणि मधले स्वर वर आणा. डेकमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचे स्वर अडवणारी सेटिंग) असेल तर दारातल्या स्पीकरसाठी तो ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर नको त्या धडपडीतून सुटतो आणि बोल स्पष्ट ऐकू येतात. ही सेटिंग करून एक फेरी मारा. काहींचं काम इथेच होतं.

दुसरी: बॅटरी, फ्यूज, अर्थिंग

इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनावरही आकडा १३च्या खाली असेल तर आवाजाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी चार्जिंग बघा. कमी व्होल्टेजवर डेक बंद-चालू होणं साहजिक आहे.

डेक घड्याळ विसरत असेल तर कायम वीज देणारी आणि चावीनंतर वीज देणारी, या दोन वायरी बघा. नव्या डेकच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) यातली एक पिवळी आणि दुसरी लाल असते, पण सगळ्या गाड्यांत त्या कनेक्टरच्या त्याच खाचांमध्ये येत नाहीत. अदलाबदल झाली की डेक चालतो, पण चावी काढली की सगळं विसरतो.

आता अर्थिंग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तो कधी वाया गेलेला नाही. वीज जितक्या जाडीच्या वायरीने जाते तितक्याच सुखाने तिला परत यायला हवं, आणि परतीची वाट म्हणजे गाडीची बॉडी. जिथे अर्थाची वायर बॉडीला स्क्रूने बसवलेली असते तिथे रंगाखाली गंज धरतो. वरून स्क्रू घट्ट, आतून तपकिरी भुगा.

तपासायची पद्धत: डेक मोठ्या आवाजात लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक डेकच्या अर्थाच्या वायरीला आणि दुसरं थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. ओहम मोजून हे कळत नाही, कारण एकच तार शाबूत असली तरी मल्टिमीटर "जोडलेलं आहे" असंच सांगतो. भार पडल्यावरच खरं काय ते दिसतं. दोष सापडला की स्क्रू काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नवीन लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळा आणि वरून ग्रीस फासा म्हणजे ओल परत शिरणार नाही.

काही कन्व्हर्टिबलांची बॅटरीच डिकीत असते. पहिल्या पिढीची मझ्दा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ मधली, हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी आत झिरपतं आणि डिकीच्या तळाशी साठतं. तेव्हा अर्थिंग बघताना डिकीतला गालिचा उचला आणि हाताने ओल चाचपा.

त्याहून जुन्या गाड्यांसाठी एक इशारा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असायचं; एमजीबीमध्ये १९६७ पर्यंत तसंच होतं. अशा गाडीत आजचा डेक नेहमीसारखा बसवला तर त्याची धातूची पेटी बॉडीला टेकताच शॉर्ट होतो. बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा, रंगावर जाऊ नका.

तिसरी: रेडिओ खरखरतो तेव्हा

फक्त रेडिओ खराब असेल तर स्पीकर निर्दोष आहेत. अँटेनाची दांडी पूर्ण वर येते का आणि तिच्या बुडाशी गंज आहे का, ते बघा. अँटेनालाही बॉडीचं अर्थिंग लागतं. डेक बदलल्यापासून रेडिओ बिघडला असेल तर अँटेनाच्या बूस्टरला वीज मिळत नसावी. ती डेकच्या निळ्या वायरीतून द्यायची असते आणि ती जोडायची राहून जाते.

चौथी: बिजागराजवळची वायर

एका दाराचा स्पीकर येतो-जातो, तेव्हा पॅड काढायची घाई नको. दार आणि बॉडीच्या मध्ये रबराची नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. कन्व्हर्टिबलची दारं मोठी, जड आणि रुंद उघडणारी, त्यामुळे या वायरी दर वेळी चांगल्याच वाकतात. वर्षानुवर्षांनी आतली तांब्याची तार तुटते आणि बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं. बघून काही कळत नाही.

त्याच स्पीकरवर आवाज ठेवा, दार हळूहळू उघडा, मिटा, मग नळी हाताने हलवा. आवाज चुकला की तुटका भाग तिथेच. वायर हलकेच ओढा. तुटलेल्या जागी आवरण रबरासारखं ताणतं. दुरुस्ती करताना तुटक्या जागी सोल्डर मारून मोकळं होऊ नका. सोल्डर लागलेली तार कडक होते आणि वाकणाऱ्या जागी काही महिन्यांत पुन्हा तुटते. बारीक तारांची लवचीक वायर घ्या आणि सांधे नळीच्या दोन्ही बाजूंना, न वाकणाऱ्या जागी करा. याच नळीतून काचेच्या मोटारीच्या वायरीही जातात, त्यांचंही आवरण तडकलंय का ते बघून घ्या.

पाचवी: दाराच्या आत

इथून पुढे पॅड काढावं लागतं. दारात किंवा सीटमध्ये साइड एअरबॅग असलेली गाडी असेल तर थांबा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

स्पीकर बाहेर काढून उजेडात धरा. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोटाने दाबला तर भुगा होतो का? जुना फोम असाच विरतो, त्यात नवल नाही. कागदी कोनवर पाण्याचे डाग, लाटा पडल्यात का? कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सोडा; आत काही घासलं तर कॉइल वाकडी झाली आहे. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो गेला. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: सेलचं धन स्पीकरच्या धनाला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. सगळ्या स्पीकरवर हे करून खुणा करून ठेवा.

डेकपासून वायरी सुटलेल्या असतील तेव्हा आणखी एक गोष्ट मोजा. स्पीकरच्या कोणत्याही वायरीपासून बॉडीपर्यंत जोडणी दिसता कामा नये. जुन्या मूळ रेडिओंपैकी काहींत स्पीकरची ऋण बाजू बॉडीलाच जोडलेली असे किंवा दोन स्पीकरांना मिळून एकच ऋण वायर असे. आजच्या डेकच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो. त्यातली एक बॉडीला टेकली की डेक स्वतःला वाचवायला बंद होतो, किंवा जळतो. "थोडा वेळ वाजून बंद" या तक्रारीमागे हे कारण मला अनेकदा सापडलं आहे. अशा गाडीत प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र नव्या वायरी ओढाव्यात.

आता पाणी. काचेच्या कडेने दारात पाणी उतरणं हा दोष नाही, दार तसंच बनवलेलं असतं. ते खालच्या छिद्रांतून बाहेर जावं आणि मधल्या प्लास्टिकच्या पडद्यामुळे पॅडकडे येऊ नये, एवढीच अपेक्षा. स्पीकर बदलताना हा पडदा फाडून टाकलेला असतो आणि छिद्रांत माती भरलेली असते. छिद्रं तारेने मोकळी करा, पडदा नवा घाला, त्याची खालची कड दाराच्या आत वळवून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. नवा स्पीकर घेणार असाल तर प्लास्टिकचा किंवा पाणी न शोषणाऱ्या पदार्थाचा कोन आणि रबरी कड घ्या. कागदी कोन ऐकायला गोड असतो, पण अशा दारात तो टिकत नाही.

परत बसवताना स्पीकर आणि पत्र्याच्या मध्ये फोमची अखंड रिंग हवी. कोनच्या पुढची हवा आणि मागची हवा उलट दिशांनी ढकलली जाते. फट राहिली तर दोन्ही मिसळतात आणि बेस तिथेच संपतो. पत्र्याची बाकीची मोठी भोकं झाका, ब्यूटाइलचे पट्टे लावून पत्रा जड करा, पण पाण्याची छिद्रं सोडून. एवढं केलेलं दार ऐकून स्पीकर नवीन घेतलेत का, असं लोक विचारतात. मागे चुंबक किती खोल जातो ते मोजून घ्या, काच पूर्ण खाली उतरवून. मागच्या बाजूला स्पीकर असतील तर छत एकदा सावकाश मिटून बघा. छताचे दांडे स्पीकरच्या अगदी जवळून जातात.

सहावी: इंजिनबरोबर चढणारी शिट्टी

वेगळा अ‍ॅम्प असेल तरच हे बहुधा येतं. सगळं बंद करून अ‍ॅम्पच्या सिग्नल केबल काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर ती केबलमधून किंवा डेककडून येत होती. डेकचं अर्थिंग पुन्हा बघा आणि सिग्नल केबल विजेच्या जाड वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. शिट्टी तशीच राहिली तर अ‍ॅम्पचं अर्थिंग: वायर जाड, अर्ध्या मीटरच्या आत, उघड्या धातूवर. दोन्ही नीट असूनही शिट्टी असेल तर इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. फिल्टर विकत घेऊन हा दोष झाकू नका.

यानंतरच अ‍ॅम्प

वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील इतके. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. डेकवर ५० वॅट छापलेलं असलं तरी सलग मिळतात ते १५ ते २०च्या आसपास. म्हणून आधी स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो, ते बघा: ८७ डेसिबलच्या ऐवजी ९०चा स्पीकर घेणं म्हणजे अ‍ॅम्प दुप्पट करण्यासारखंच आहे, आणि त्यात एकही जास्तीची वायर ओढावी लागत नाही. अ‍ॅम्प घालायचाच ठरला तर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटते. अ‍ॅम्प डिकीच्या तळाला टेकवू नका, वर उचलून बसवा.

आणि कानांचा विचार करा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ला फक्त १ तास उरतो. उघड्या गाडीत वाऱ्यावर मात करण्याइतका आवाज लावला की तिथे पोचायला वेळ लागत नाही. मोठ्या रस्त्यावर काचा वर ठेवा, सीटमागची वारा अडवणारी जाळी असेल तर लावा. वारा कमी झाला तर आवाज वाढवावाच लागत नाही.

इथे थांबा

दारात, सीटमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये एअरबॅगच्या वायरी दिसल्या (त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात) तर त्यांना मल्टिमीटर लावू नका, त्या सोडवूही नका. ते काम एअरबॅगचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचं. मागच्या सीटमागे आपोआप वर येणारे सुरक्षा दांडे असतील तर तिथेही तसंच.

छताची हायड्रॉलिक नळी, पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी कुठे आहे ते माहीत नसताना पत्र्यात भोक पाडू नका. फ्यूज एकदा बदलून पुन्हा लगेच उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. वायर कुठेतरी शॉर्ट आहे आणि ती ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधायची. वायरिंगला जळका वास आला, आवरण वितळलेलं दिसलं, तर बॅटरी सोडवा आणि तिथेच थांबा. मूळ डेक किंवा अ‍ॅम्पच्या आत कपॅसिटर गळलेले असतील, म्हणजे थंड असताना खरखर आणि तापल्यावर ठीक असं होत असेल, तर पेटी काढून इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

गाडी सोपवताना पहिल्या तपासणीचा तो कागद सोबत द्या: कोणता स्पीकर कसा वाजतो, अर्थिंगवर किती व्होल्ट पडतात, पावसानंतर काय होतं, काय काय तपासून झालंय. नाहीतर कारागीरही सुरुवातीपासून सगळं उघडेल आणि त्या वेळेचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील.